मंगलच्या नावावरची बाकी

बीड,
१२ जुलै २०२५

आई,

मंगलचा नमस्कार घ्या. फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही आणि मला तुमचं सगळं ऐकू येतं, त्यात आपलं बोलणं कमी आणि ओरडणं जास्त होतं. म्हणून लिहिते. गहिनीनाथभाऊ तुमचा लेक असला तरी त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुम्हीच वाचा.

आधी चांगलं सांगते. संस्कृतीचा नंबर लागला. अंबाजोगाईला नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव यादीत आलं. ते दाखवायला तुमच्या नातीनं मला हॉस्टेलच्या चुलीवरून ओढत नेलं. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली आणि आमच्या मॅडम दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला काहीच वाटलं नाही.

आता दुसरं. फीसाठी बँकेचं शिक्षणाचं कर्ज काढायचं होतं. संस्कृतीचे वडील राहिले नाहीत, तेव्हा आई म्हणून माझी सही. साहेबांनी माझी कार्डं घेतली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही थकबाकीदार आहात. मी किराणा दुकानात कधी उधारी ठेवली नाही, तुम्हाला माहीत आहे. मी त्यांच्याशी भांडलेच. मग त्यांनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढून दाखवला. कुणी किती कर्ज घेतलं, फेडलं की नाही, ते सगळं त्यात असतं. त्यात २०१७ सालचं महिला गटाचं कर्ज आहे. नाव मंगल अभिमन्यू, गाव आपलंच, मतदान कार्डाचा नंबरही माझ्याच कार्डाचा. काही हप्ते भरलेले, पुढं सगळं कोरं, आणि शेवटी बुडीत असा शेरा.

२०१७ साली मी मंगल नव्हतेच. तेव्हा मी माझ्या माहेरी छबू होते. ते कर्ज ताईचं आहे, तुमच्या लेकीचं, माझ्या आधीच्या मंगलचं. शिलाई मशीन घ्यायला तिनं काढलं होतं. ती गेली, आणि उरलेल्या हप्त्यांचं ह्यांनी कुणाला सांगितलंच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी ताईचंच मतदान कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्यावरचा फोटो इतका काळा, की त्यात ताई, मी, ह्यांची आत्या, कुणीही खपलं असतं. रेशन कार्डाचंही तसंच. "नाव हाय की कार्डावर. मग नव्या नावासाठी हेलपाटे कावून मारायचे?" असं हे म्हणाले. मला तेव्हा ते बरोबर वाटलं. आधार कार्डही मग त्या रेशन कार्डावरूनच निघालं.

साहेब माणूस चांगला आहे. म्हणाले, हे कर्ज तुमचं नसेल तर रिपोर्टवाल्या कंपनीकडं हरकत घ्या, चुकीची नोंद काढतात. मी सेवा केंद्रात जाऊन हरकत नोंदवली. महिन्याभरात उत्तर येईल. त्यासाठी एक कागद लागणार आहे. तो तुमच्या ग्रामपंचायतीतून निघतो आणि त्याला तुमची सही पाहिजे. कसला कागद ते पत्रात लिहवत नाही. हॉस्टेलला सुट्टी मिळाली की येऊन समोर बसून सांगते. तोवर जिवाला लावून घेऊ नका.

तुमची,
मंगल


नांदूरघाट,
२४ जुलै २०२५

मंगल आणि संस्कृती, दोघींना पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. नात नर्सबाई होणार हे मी गावात सगळ्यांना सांगून आले. ज्यांना नको होतं त्यांनाही सांगितलं. पहिली सुई तिनं मलाच टोचायची, दुसऱ्या कुणाला नाही.

पुढचं वाचलं आणि माझं जेवण गेलं. माझी लेक बुडव्यांच्या यादीत. सात वर्षं झाली तिला जाऊन, आणि तिचं नाव बँकांमधून असं लोळतंय, आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. जावई आता नाहीत, त्यांना काय बोलू. पण जिनं शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत केली, तिच्या नावापुढं बुडीत लिहिलेलं मला सोसणार नाही.

तू कागदाचं लिहिलंस. कागद कशाला पाहिजे? देणं होतं, ते फेडलं की मिटलं. गहिनीनाथला घेऊन मी जीपनं केजला गेले, गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस शोधून काढलं. मंगलचे पैंजण आणि तोडे माझ्या पेटीत होते. संस्कृतीच्या लग्नात तिच्या पायात घालीन म्हणून ठेवले होते. ते मोडले. तिचंच होतं, तिच्याच कामी आलं. ऑफिसातला पोरगा चांगला होता. म्हणाला, "आजी, लई जुनं हाय हे. निम्म्यावर मिटवून टाकू." मी म्हटलं, "निम्म्यावर कावून? माझी लेक काय निम्मी होती?" सगळे भरले.

त्यानं विचारलं, पैसे कोण भरतंय. मी सांगितलं, मंगलच्या वतीनं तिची आई. मंगल कुठं असते विचारलं, तर म्हटलं बीडला असते, मुलींच्या हॉस्टेलात भाकरी करते. तुझा नंबर गहिनीनाथनं दिला. उगीच चोरासारखं कशाला राहायचं? आता आपलं कुणाचं काही देणं नाही.

पावती सोबत घातली आहे. त्या साहेबाच्या टेबलावर ठेव आणि माझ्या लेकीचं नाव स्वच्छ करून दे म्हणावं. संस्कृतीला पावसात भिजू देऊ नकोस, तिला लगेच सर्दी धरते.

तुझी आई,
तुळजाबाई


बीड,
११ ऑगस्ट २०२५

आई,

पावती मिळाली. पैंजणांचं वाचलं आणि मी मोरीत जाऊन बसले. बाहेर आले तर हॉस्टेलच्या मुली विचारायला लागल्या, मावशी, डोळे का लाल. कांदा म्हटलं. त्या दिवशी भाजी भेंडीची होती, कांदा कुठंच नव्हता. तुम्ही ताईसाठी केलंत ते कुठलीही आई करील, त्याबद्दल माझ्या मनात दुसरं काही नाही. एवढं खरं माना.

हरकतीचं उत्तर आलं. फेटाळली. कारण इंग्रजीत लिहिलंय, मला त्यातलं नीट कळलं नाही.

बँकेचे साहेब म्हणाले, पैसे भरले म्हणून डाग जात नाही. कर्ज थकलं होतं हे रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं दिसत राहतं आणि तसा रिपोर्ट असला की त्यांना कर्ज देता येत नाही. ते कर्ज माझं नव्हतं, दुसऱ्या बाईचं होतं, हे सिद्ध झालं तरच नोंद माझ्या नावावरून निघेल. मी छबू होते याला माझा सातवीचा शाळेचा दाखला आहे, तो चालतो. पण तेवढ्यानं भागत नाही. ती दुसरी बाई कुठं आहे, असं ते विचारतात.

आई, आता लिहितेच. ताई गेल्याची नोंद कुठंच झालेली नाही. सासरच्या गावात नाही, तुमच्याकडं नाही. सरकारच्या हिशेबी ताई जिवंत आहे, आणि तिचं रेशन मी खाते, तिचं मत मी टाकते. ती तुमच्या घरी गेली, म्हणून नोंद नांदूरघाटलाच व्हायला पाहिजे. इतक्या वर्षांनी करायची म्हणून केजच्या तहसीलचा आदेश लागतो, आणि जवळचं माणूस म्हणून तुमचा जबाब. मृत्यूचा दाखला, हाच तो कागद. पहिल्या पत्रात मला तो शब्द लिहवला नाही. तुम्हाला अशी गोष्ट पत्रातून कशी सांगायची असं वाटलं. लिहिला असता तर बरं झालं असतं.

साहेब असंही म्हणाले, की तेव्हाच दाखला दिला असता तर कर्ज विम्यातून मिटलं असतं. आता ते बोलून काय उपयोग.

कॉलेजनं जागा धरून ठेवली आहे, २९ ऑक्टोबरपर्यंत. माझ्या साठवलेल्यातून थोडे आगाऊ भरलेत. संस्कृतीनं पांढऱ्या ड्रेसचं कापडही बघून ठेवलंय. मला रोज विचारते, आजीचं पत्र आलं का. तुमच्यावरच आहे सगळं.

तुमची,
मंगल


नांदूरघाट,
१९ ऑगस्ट २०२५

मंगल,

पत्र वाचून फाडणार होते. फाडलं नाही, पण जवळही ठेवलं नाही. देवळीत टाकून दिलं आहे.

माझी लेक गेली हे मला कागद दाखवून कुणी सांगायला नको. ऊसतोडीवरून ती पिवळी होऊन आली ती माझ्याच दारात. ह्या हातांनी तिला मी पेज पाजली आणि ह्याच हातांनी शेवटची न्हाऊ घातली. पण कागदावर ती होती. कुठंतरी होती. ते तुम्हाला खुपायला लागलं.

तुझ्या लग्नाला मी आले होते, आठवतं ना? गावातल्या बाया म्हणाल्या, लेकीच्या जागी येणारीच्या लग्नाला कुणी जातं का. मी गेले. ताटात तांदूळ पसरून नाव लिहायची वेळ आली तेव्हा मीच जावयाला म्हटलं, हिचं नाव मंगलच ठेवा. त्या घरातली तिची हाक बंद पडू नये म्हणून म्हटलं. पोरीला कुणी आईचं नाव विचारलं तर तिला अडखळायला लागू नये म्हणून म्हटलं. तेव्हापासून दर दिवाळीला तू वाटेवर दिसलीस की मी अंगणातून ओरडते, मंगल आली. माझा आवाज मला ऐकू येत नाही आता. तरी ते नाव तोंडात आलं की बरं वाटतं.

आणि मशीनचं काय? तिनं कर्ज काढून घेतलेलं मशीन तुझ्या खोलीत आहे. त्यावर तू संस्कृतीचे गणवेश शिवलेस, हॉस्टेलच्या पोरींचे ब्लाऊज शिवतेस. तेव्हा कधी म्हणाली नाहीस, की मी ती मंगल नाही. मशीन तुझं, रेशन तुझं, नवरा तुझा, आणि बाकी निघाली की ती दुसरी बाई. असं चालत नसतं.

देणं मी फेडलं आहे. सही माझ्याकडून होणार नाही. नातीसाठी मी नारायणगडाला जाऊन नारळ ठेवणार आहे. तिची जागा कुठं जात नाही.

तुळजाबाई


बीड,
३० ऑगस्ट २०२५

आजी,

मी संस्कृती. हे पत्र आईला माहीत नाही. ती हॉस्टेलवर गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

आईनं तुला खोटं लिहिलं. हरकत का फेटाळली ते तिला चांगलं माहीत आहे. ते इंग्रजी मीच तिला वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलंय, की कर्जदाराच्या आईनं ऑफिसात येऊन पूर्ण रक्कम भरली, कर्जदाराचा आत्ताचा पत्ता आणि फोन नंबर दिला, आणि तो हरकत घेणाऱ्या बाईचाच आहे. म्हणजे कर्ज हिचंच. आजी, तू केजला जाऊन आईला सोडवायला निघालीस आणि तिला त्या कर्जाला बांधून आलीस. आईनं मला गळ्याची शपथ घातली होती, आजीला कळू द्यायचं नाही, ती अन्नाला शिवणार नाही म्हणून. मी शपथ मोडली. तू जेव, पण हे तुला कळायला पाहिजे.

तुझं मशीनचं पत्र आल्यावर आईनं मशीनवर चादर टाकली. आता त्यावर बसत नाही. मुली ब्लाऊज घेऊन येतात, तर म्हणते मशीन बिघडलंय. त्या पैशातून आमचं भाडं जायचं. मी विचारलं तर म्हणाली, आजी बरोबर बोलली.

ती घरात आली तेव्हा मी पाचवीत होते. पहिल्याच दिवशी तिनं माझे केस विंचरायला घेतले, आणि मी तिच्या हाताला चावले. रक्त निघालं. तो वण अजून आहे तिच्या मनगटावर. लोकांना सांगते तव्याचा चटका आहे. मला ती कधी रागावली नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही. नंतर तिची इतकी सवय झाली की मागायची राहूनच गेली. बाबा गेले तेव्हा तिच्या माहेरचे न्यायला आले होते. म्हणाले, तू अजून तरुण आहेस, ही पोरगी तिच्या आजोळी राहील. ती गेली नाही. मला घेऊन बीडला आली आणि भाकरी थापायला लागली.

माझी पहिली आई मला आठवते. तिच्या अंगाला उसाच्या पाचटाचा वास यायचा, ती झोपेत बोलायची. तुझ्या सहीनं मी ते विसरणार नाही. पण आजी, ही दुसरी कुठंच नाही. सातवीच्या दाखल्यानंतर छबू नावाचं कुणी जगात नाही. तू पहिलीला ठेवून घेतलंस, त्यात हिला कुणी विचारलंच नाही. तिनंही कधी कुरकूर केली नाही म्हणून तुला वाटलं असेल की तिला चालतं.

मला नर्स व्हायचं आहे. त्याहून जास्त मला वाटतं की आईच्या नावापुढचं ते बुडीत निघावं. एवढंच.

तुझी,
संस्कृती


नांदूरघाट,
२४ सप्टेंबर २०२५

छबू,

हे नाव मी पहिल्यांदाच लिहिते आहे. हात अडखळला, राग मानू नकोस.

मला सगळं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि घरात कुणावर ओरडूही नकोस. चार दिवस मी देवळीतलं तुझं पत्र काढून वाचत बसले. गहिनीनाथला वाटलं मला वारा लागला. मग एके दिवशी मीच त्याला म्हटलं, चल केजला.

तहसीलला बरेच हेलपाटे झाले. कधी साहेब नाही, कधी साक्षीदार नाही. शेवटी जबाबाला बसवलं. साहेबांनी मयताचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही, की मी हळू बोलले, कोण जाणे. पुन्हा विचारलं. मग मी मोठ्यानं म्हटलं, मंगल. अंगणातून म्हणते तसंच म्हटलं. ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

कशानं गेली विचारलं, मी कावीळ सांगितलं. मग म्हणाले, "तेव्हाच नोंद कावून केली न्हाई?" मी म्हटलं, "नोंद केली असती तर ती गेली असती." नंतर त्यांनी विचारलं, मग बीडला राहते ती मंगल कोण? मी म्हटलं, "ती छबू. ती बी माझीच लेक हाय." ते म्हणाले, आजी, तसं लिहिता येत नाही. मी म्हटलं, बरं, नका लिहू.

अंगठा नाही दिला, सही केली. आदेश झाला, ग्रामपंचायतीनं दाखला दिला. सोबत पाठवते आहे. घडी घालताना नावावरून घडी जाऊ नये म्हणून गहिनीनाथनं तो उभा दुमडला आहे. परत येताना जीपमध्ये मला रडू आवरलं नाही. ती गेली तेव्हा रडायला सवड नव्हती, संस्कृती पदर सोडत नव्हती. सात वर्षांचं सगळं केज ते नांदूरघाट रडले. जीपवाल्यानं पैसे घेतले नाहीत. त्याला वाटलं आजच कुणी गेलं.

मशीनवरची चादर काढ. माझ्या लेखणीतून ते निघालं, ते मला परत घेता येत नाही. माझ्या लेकीला ते मशीन चालवायला सहा महिनेसुद्धा मिळाले नाहीत. तू चालवलंस म्हणून त्याचं चीज झालं. तू घेतलंस म्हणून मी तुला बोलले, पण दिलं तर मीच होतं, नावासकट.

भाऊबीजेला ये. गहिनीनाथ वाट बघेल. छबू म्हणून ये. तुझ्या आईनं ते नाव ठेवलं, तेव्हा तिनंही तुला मांडीवर घेऊनच ठेवलं असेल. मी ते पुसलं, त्याचा माझ्या मनात तेव्हा विचारसुद्धा आला नाही.

आई


बीड,
३० ऑक्टोबर २०२५

आई,

भाऊबीजेला आले नाही. बँकेच्या कामात अडकले असं भाऊंना कळवलं होतं, ते अर्धंच खरं आहे. तुम्ही अंगणातून हाक माराल, आणि तोंडात आलेलं नाव गिळून दुसरं घ्याल, ते मला बघवलं नसतं. म्हणून आले नाही. सगळ्या गोष्टी सांगते आहे, तर ही पण सांगते.

तुमचा दाखला, माझा शाळेचा दाखला, आणि मी शपथेवर लिहून दिलेलं, हे सगळं जोडून पुन्हा हरकत घेतली होती. ती मान्य झाली. ताईचं कर्ज माझ्या नावावरून काढलं, तिच्या नावापुढं मयत असं लिहिलं, आणि पैसे पूर्ण फेडलेत असंही लिहिलं. ते तुमच्या पैंजणांमुळं. आता बुडीत नाही, आई. ताईचं नाव अगदी स्वच्छ आहे. ते मी संस्कृतीकडून दोनदा वाचून घेतलं.

माझाही रिपोर्ट कोरा झाला. परवा बँकेत गेलो. साहेबांनी अभिनंदन केलं, चहा मागवला. संस्कृती पांढरा ड्रेस शिवून अंगात घालूनच आली होती. मी नको म्हणत होते, पण तिला दाखवायचा होता. मशीनवरची चादर मी त्या ड्रेससाठीच काढली.

साहेबांनी संस्कृतीची फाईल उघडली. तिच्या जन्माच्या दाखल्यावर, दहावीच्या, बारावीच्या, सगळ्या कागदांवर आईचं नाव मंगल. त्यांनी ते बघितलं, मग तुमचा दाखला बघितला, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मुलीची आई तर मयत आहे. तुम्ही हिच्या कोण?"

मी म्हटलं आई. संस्कृतीही म्हणाली आई. साहेब म्हणाले, मला दिसतंय हो, पण कागद तसं म्हणत नाही. ती मंगल मी नाही, असं तुम्हीच शपथेवर लिहून दिलंय. वडिलांशी तुमचं लग्न झाल्याची नोंद आणा, मग सावत्र आई म्हणून फाईल वर पाठवतो. आमच्या लग्नाची नोंद कुठली असणार? ह्यांनी ती केलीच नव्हती. कागदोपत्री ह्यांचं मंगलशी लग्न झालेलं होतं, मग पुन्हा कशाला करतील? साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन लावून बघितला. अशी फाईल मंजूर व्हायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. माझ्याऐवजी सहीला गहिनीनाथभाऊंचं नाव मी सुचवलं, तर त्यांच्यावर आधीच ट्रॅक्टरचं कर्ज आहे.

तेव्हा संस्कृतीनं माझा हात धरला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. बांगड्या वर सारल्या आणि मनगटावरचा तो जुना वण दाखवला. "हे बघा," एवढंच म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं मी पोरीला मारते की पोरगी मला मारते. मला मात्र त्या वणाचं तिच्या मनात आहे हे सात वर्षांत पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं ती विसरली असेल.

आज दुपारी कॉलेजनं जागा दुसऱ्या मुलीला दिली. संस्कृती म्हणते, पुढच्या वर्षी बघू, तोवर एखाद्या दवाखान्यात काम धरते. ड्रेस घडी करून पेटीत ठेवला आहे. ती रडली नाही, त्याचीच मला भीती वाटते.

आई, तुम्ही स्वतःला काही बोलू नका. तुम्ही सही केलीत ती माझ्यासाठी, मी शपथेवर लिहिलं ते तिच्यासाठी. कुणी काही वाईट केलं नाही, तरी असं झालं. जागा गेली ते दुःख तिचं आहे आणि ते भरून निघेल, ती हुशार आहे. माझं दुःख मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू? मी तिच्या अंगात ताप असताना रात्री जागले, तिच्या शाळेत आई म्हणून सही केली, आणि कुणी कधी विचारलं नाही. आता विचारलं, आणि उत्तर माझ्याच हातानं लिहून गेलं. मी तिची कुणी नाही. ते माझ्या स्वतःच्या अक्षरात आहे.

दिवाळीचा फराळ भाऊंच्या हाती पाठवलात तो मिळाला. त्यातले अनारसे संस्कृतीनं एकटीनं संपवले.

आता खाली सही करायची तर हात थांबतो. मंगल लिहावं तर ती मयत आहे. छबू लिहावं तर तिला लेक नाही. म्हणून पत्र सही न करताच टाकते. अक्षर तुम्ही ओळखाल.